तिजोरीला किल्ल्या किती?

शहाण्या माणसाने आयुष्यात दोन गोष्टींपासून लांब राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे आणि दोन, स्वतःच्या मुलांचा अभ्यास घेणे. पहिलीतून मी बँकेत नोकरीला असल्यामुळे सुटलो. जामीनदारांचे चेहरे रोज काउंटरपलीकडे दिसत असताना माणूस आपोआप शहाणा होतो. दुसरीतून मात्र सुटका झाली नाही.

आमची कन्या आठवीत आहे. घटक चाचणीच्या आदल्या रात्री घरातले कोणीही माणूस अभ्यास घ्यायच्या लायकीचे ठरते. त्या रात्री ती वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, नागरिकशास्त्र. मला विचार ना."

मी कॉमर्सचा पदवीधर. उजवी बाजू आणि डावी बाजू म्हटले की मला राजकारण आठवत नाही, ताळेबंद आठवतो. नागरिकशास्त्र आमच्या वेळीही इतिहासाच्या पुस्तकाला शेपटीसारखे जोडलेले असायचे. महाराज आग्र्याहून सुटेपर्यंत सगळा वर्ग श्वास रोखून जागा असे. ते सुखरूप राजगडावर पोहोचले आणि ग्रामपंचायतीची रचना सुरू झाली, की वर्ग निश्चिंत मनाने झोपी जाई. सर स्वतः पेंगत, त्यामुळे शिक्षेचीही भीती नसे.

वहीत एक तक्ता होता. क्लासमधून झेरॉक्स मिळालेला, कन्येने तो रंगीत पेनांनी वहीत उतरवून घेतलेला. उभ्या रकान्यांत अर्थ, गुण, दोष आणि उदाहरण. आडव्या ओळींत राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही. मी विचारले, "हुकूमशाहीचे गुण सांग."

"एक, निर्णय जलद होतात. दोन, शिस्त असते. तीन, खर्च कमी येतो."

"दोष?"

"लोकांना स्वातंत्र्य नसते."

"लोकशाहीचे दोष?"

"निर्णयास विलंब लागतो. निवडणुका खर्चिक असतात. पक्षांमध्ये भांडणे होतात. अशिक्षित लोकही मत देतात."

मी जमाखर्चाचा माणूस. मनातल्या मनात बेरीज केली. हुकूमशाही, जमा तीन, खर्च एक. लोकशाही, खर्च चार. हा तक्ता घेऊन कोणी कर्जाला आला, तर आमचे मॅनेजर डोळे मिटून हुकूमशाहीला कर्ज मंजूर करतील आणि लोकशाहीला म्हणतील, पुढच्या आठवड्यात या.

राजेशाहीचे उदाहरण होते इंग्लंड आणि नेपाळ. मी म्हटले, "अगं, नेपाळचा राजा २००८ सालीच गेला. तिथं आता प्रजासत्ताक आहे. तुझा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता." त्यावर ती थंडपणे म्हणाली, "तक्त्यात आहे बाबा. पेपर तक्त्यावरून तपासतात."

हुकूमशाहीचे उदाहरण होते जर्मनी. ती हुकूमशाही १९४५ साली संपली, हे मी सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. एरवी मला शिल्लक जुळली नाही तरच झोप येत नाही. पण ही शिल्लक न जुळण्याचाच प्रकार होता.

माझी तक्रार शाळेवर नाही, क्लासवर नाही आणि पाठ्यपुस्तकावर तर मुळीच नाही. ते बिचारे कोणी उघडतच नाही. माझी तक्रार त्या चार रकान्यांवर आहे. शासनाचे प्रकार म्हणजे आंब्याच्या जाती आहेत, हापूस, पायरी, तोतापुरी, एकदा नाव सांगितले की चव कळली, अशा समजुतीने आपण मुलांना ते शिकवतो. आणि मग हीच मुले मोठी होऊन माझ्या काउंटरवर येतात.

आमच्या शाखेत एक पेन्शनर आजोबा येतात. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा आपण जिवंत आहोत याचा पुरावा म्हणून प्रथम देशावर टीका करतात. "मिलिटरी आणा हो, दोन वर्षं मिलिटरी! आणीबाणीत बघा, गाड्या कशा वेळेवर यायच्या!" रांगेतल्या सगळ्या माना डोलतात. माझा जन्म त्यानंतरचा, म्हणून मी बोलत नाही. पण एक हिशेबाची शंका येते. जून १९७५ पासून मार्च १९७७ पर्यंत आणीबाणी होती आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. त्या काळात एखादी गाडी चार तास उशिरा आली असती, तरी ते छापणार कोण होते? ज्या शाखेत तक्रारवही ठेवायला बंदी, त्या शाखेत तक्रारी शून्यच असणार. ऑडिटरने त्यावरून शाखेला बक्षीस द्यायचे का?

हेच आजोबा, नेट वीस मिनिटे बंद पडले की काउंटरवर मूठ आपटतात. मॅनेजरला बोलवा म्हणतात, तक्रारवही मागतात, लोकपालापर्यंत जाईन म्हणतात. जावे, अवश्य जावे, तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांना हवी असलेली मिलिटरी जर माझ्या खुर्चीवर बसली, तर मूठ कुठे आपटणार, एवढाच प्रश्न त्यांनी घरी जाऊन स्वतःला विचारावा. शाळेतल्या तक्त्याने त्यांनाही बहुधा हाच रकाना शिकवला होता : निर्णय जलद होतात. निर्णय कोणाच्या विरुद्ध जलद होतात, याला तक्त्यात रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपर झाल्यावर मी कन्येला बँकेतले नागरिकशास्त्र शिकवायला बसलो. कॉमर्सवाल्याने दुसरे काय शिकवायचे?

मी म्हटले, "आमच्या स्ट्राँगरूमची तिजोरी उघडायला किल्ल्या किती लागतात?"

"एक."

"दोन. एक हेड कॅशियरकडे असते, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं समोरासमोर उभे राहिल्याशिवाय तिजोरी उघडत नाही."

"का? दोघं चोर आहेत?"

"अजिबात नाही. दोघंही सज्जन आहेत, आणि दोघांनी सज्जन राहावं म्हणूनच किल्ल्या दोन आहेत."

मग मी तिला सांगितले, की मी कॉम्प्युटरवर केलेली एंट्री मलाच पास करता येत नाही. इतकी वर्षे नोकरी झाली, केस गेले, तरी माझ्या एंट्रीवर दुसऱ्याची मोहोर लागते. वर ऑडिटर येतो, तो आमच्या शाखेचा नसतो, आणि आमचा चहा पिऊनही चुका काढतो. या सगळ्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक ओरडते, 'निर्णयास विलंब!' पण त्याचे पैसे जागेवर राहतात ते ह्या विलंबामुळेच. देशाचेही तेच आहे. सरकारला खर्च करायचा तर लोकसभेची मंजुरी लागते. हिशेब महालेखापरीक्षक तपासतात. कायदा घटनेत बसतो की नाही ते न्यायालय बघते. किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत आहेत. कधीकधी दोन किल्ल्यावाले संगनमत करतात हे खरे, आमच्याकडेही करतात. पण म्हणून एकच किल्ली करा असे कोणी शहाणा मॅनेजर म्हणत नाही.

आणि दुसरी गोष्ट. खात्याच्या नावावरून शिल्लक कळत नाही. पासबुकावर 'लक्ष्मी' छापलेले असते आणि आत बारा रुपये असतात. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात 'लोकशाही' आहे, 'जनता' आहे आणि 'प्रजासत्ताक'ही आहे. नावात एवढी श्रीमंती असूनही सत्ता आजोबांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली. उलट इंग्लंडात राजा आहे, मुकुट आहे, सोन्याची बग्गी आहे. पण तिजोरीची किल्ली नाही. ती पार्लमेंटने कधीच काढून घेतली.

२००८ या एकाच सालात हिमालयात दोन गोष्टी घडल्या. नेपाळात लोकांनी राजाला घालवले आणि भूतानात राजघराण्यानेच पुढाकार घेऊन लोकांना निवडणुका दिल्या. एवढ्या लांब कशाला जा? आपल्या साताऱ्याजवळचे औंध संस्थान घ्या. मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावणारे ते औंधचे राजेसाहेब, भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी १९३९ साली, अवतीभवती इंग्रजांचे राज्य असताना, गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून आपली सत्ता रयतेच्या हाती दिली. ग्रामपंचायती कारभार पाहू लागल्या. ही राजेशाही की लोकशाही? कोणत्या रकान्यात लिहू? पाठ थोपटावी अशी ही गोष्ट आपल्या घरची, आणि आपली मुले उदाहरण देतात जर्मनीचे!

म्हणून मी कन्येला सांगितले, प्रकार पाठ करू नकोस. कुठलेही राज्य दिसले की चार प्रश्न विचार. किल्ल्या किती जणांकडे आहेत? हिशेब कोण तपासतो, आणि तो साहेबाचा मेव्हणा तर नाही? तक्रारवही कुठे आहे, आणि तक्रार लिहिणारा दुसऱ्या दिवशी घरी असतो का? आणि शेवटचा, साहेब बदलायचा झाला तर कसा बदलतात?

सौ. भाजी निवडता निवडता ऐकत होती. तिने विचारले, "तुमच्या ह्या सगळ्यात चांगली लोकशाही कुठली?" मी ऐटीत स्वित्झर्लंड सांगितले. तिथल्या ॲपेन्झेल नावाच्या छोट्याशा प्रांतात अजून लोक वर्षातून एकदा चौकात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. प्रतिनिधी वगैरे मध्यस्थ नाही, थेट लोकशाही.

"बायका पण?"

इथे मला जरा खोकला आला. कारण स्वित्झर्लंडात देशाच्या निवडणुकीत बायकांना मत मिळाले १९७१ साली. आणि ॲपेन्झेलच्या त्या चौकात पुरुषांनी १९९० सालीही हात वर करून सांगितले, की बायकांना मत नको. शेवटी त्याच वर्षी कोर्टाने हुकूम दिला तेव्हा मिळाले. मी हे सांगितल्यावर सौ. म्हणाली, "म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच. घर दोघांच्या नावावर, पण मत पहिल्या नावाला." आणि भाजी घेऊन आत गेली.

हे झाले ते वाईट झाले. कारण कन्येने मान वर केली आणि विचारले, "बाबा, आपल्या सोसायटीत कुठली शासनपद्धती आहे?"

आता तुम्हाला खरे सांगायला हरकत नाही. आमच्या सोसायटीत अठ्ठावीस ब्लॉक आहेत आणि मी तिचा खजिनदार आहे. बँकेतला माणूस म्हणून मला बिनविरोध निवडले. बिनविरोध म्हणजे मी त्या सभेला हजर नव्हतो. कायद्याने ही संस्था पक्की लोकशाही. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, पोटनियम, वार्षिक सभा, सगळे आहे. वार्षिक सभेला माणसे जमत नाहीत, मग गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते. त्या अर्ध्या तासात वेफर्स खाऊन होतात, आणि मग जेवढी डोकी असतील तेवढ्यांत कारभार उरकतो.

त्याआधी महिनाभर मुलांच्या चेंडूने जिन्याची काच फुटली होती. बिल आले अठराशे पन्नास रुपये. रविवारी अध्यक्षांकडे पोह्यांवर आम्ही तिघे बसलो, अध्यक्ष, सेक्रेटरी आणि मी. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली : 'सर्व सभासदांच्या एकमताने आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे.' खाली तीन सह्या. तिसरी माझी.

कन्येने चार प्रश्न विचारले. किल्ल्या किती जणांकडे? तिघांकडे, पण तिघेही एकाच घरी पोहे खात होते. हिशेब कोण तपासतो? मी गप्प. तक्रारवही? पूर्वी होती, तिच्या मागच्या पानांवर वॉचमनने दुधाचा हिशेब लिहिला. आणि शेवटी, "बाबा, एकमताने म्हणजे कोणाच्या मताने? तू आईला तरी विचारलंस का?"

इंटरनेट बंद पडल्यावर गिऱ्हाइकासमोर होतो, तसा माझा चेहरा झाला.

"मुलांना काय कळतं?" हा आपल्या समाजाचा आवडता युक्तिवाद आहे. १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे सतरा वर्षे तीनशे चौसष्ट दिवस मुलाने कशातच बोलायचे नाही. शाळा आम्ही ठरवणार, क्लास आम्ही ठरवणार, केस किती कापायचे तेही आम्हीच ठरवणार. आणि अठराव्या वाढदिवशी सकाळी उठून त्याने एकदम देशाचे सरकार ठरवायचे! सायकल कधी हातात न दिलेल्या पोराला थेट एस.टी.च्या स्टिअरिंगवर बसवण्यातला हा प्रकार. मग ते पोर मत देताना जात बघते, घोषणा बघते, नाहीतर 'सगळे चोर' म्हणून सुट्टीला लोणावळ्याला जाते, आणि आपण म्हणतो, ही पिढीच बेजबाबदार.

आमची रिझर्व्ह बँक घ्या. तिच्याइतकी संशयी संस्था भारतात दुसरी नसेल. पण तीसुद्धा दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू द्यायला बँकांना परवानगी देते. किती रकमेपर्यंत, ते बँकेने ठरवायचे. खात्यावर शिल्लक असेल तेवढीच काढायची. पण सही त्याची, चूकही त्याची. पैशाच्या बाबतीत आपण दहा वर्षांच्या पोरावर विश्वास टाकतो. संध्याकाळी किती वाजता खेळायचे या बाबतीत मात्र तेरा वर्षांची मुलगी अज्ञान ठरते!

माझे म्हणणे एवढेच आहे. लोकशाही शिकवायची तर व्याख्या नका देऊ. लिंकनसाहेबांची ती तीन वेळा 'लोक' असलेली व्याख्या पोपटही म्हणेल. मुलांना एखादा छोटा पण खरा अधिकार द्या. वर्गाची सहल कुठे न्यायची, घरात रविवारी काय बेत करायचा, आवारात किती वेळ खेळायचे. त्यात त्यांना भांडू द्या, मोजू द्या, हरू द्या, आणि चुकले तर भरपाई करू द्या. मॉनिटर वर्गाने निवडायचा आणि बाईंनी तो दुपारी बदलायचा, हे नको. त्यातून मुले जे शिकतात ते कुठल्याच तक्त्यात नसते, आणि ते जन्मभर विसरत नाहीत.

भाषण सोपे असते. पुढचे कठीण. कन्येने मुलांना गोळा करून अर्ज लिहिला. रोज पाच ते सात खेळू, फक्त टेनिसचा चेंडू वापरू, काच फुटली तर सगळे मिळून खाऊच्या पैशांतून भरू. तो अर्ज मी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घातला. अध्यक्षांनी माझ्याकडे, मी विजेचे बिल थकवल्यासारखे पाहिले.

सभेत अर्ज कन्येनेच वाचला. आवाज थरथरत होता, पण वाचला. मग चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, "आज चेंडू मागतायत, उद्या पार्किंग मागतील." दुसरे म्हणाले, "आमच्या लहानपणी वडिलांसमोर तोंड उघडायची टाप नव्हती." ते हे अभिमानाने सांगत होते. शेवटी हात वर करून मतदान झाले. विरोधात दहा. बाजूने सेक्रेटरींनी मोजले, नऊ.

माझा हात मांडीवरून निघाला होता, पण कानापाशी अडला होता. समोर अध्यक्ष होते. वर्षभर ज्यांच्याबरोबर चेकवर सह्या करायच्या ते. दाराशी कन्या उभी होती. ती अध्यक्षांकडे बघत नव्हती, मतमोजणीकडेही बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

"खजिनदार," अध्यक्ष म्हणाले, "हात वर आहे की डोकं खाजवताय?"

"वर आहे," मी म्हणालो.

दहा-दहा. मग अध्यक्षांनी आपले निर्णायक मत विरोधात टाकले आणि चेंडू अकरा विरुद्ध दहा असा बाद झाला. त्यानंतर पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

जिना चढताना कन्या बराच वेळ बोलली नाही. दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, "त्यांनी दोन मतं दिली?"

"समान मतं पडली तर तसा अधिकार असतो अध्यक्षांना."

तिसऱ्या मजल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी परत मांडता येतं?"

"येतं."

"मग ठीक आहे," असे म्हणून ती हात धुवायला गेली. हरलेल्या माणसाला पुढच्या वर्षी परत उभे राहता येते, त्याला कोणी घरातून उचलून नेत नाही, एवढे ज्याला कळले त्याला लोकशाही कळली. ते कळायला तिला एक चेंडू लागला. मला चाळीस वर्षे लागली, आणि वर एक मुलगी.

सहामाहीत 'लोकशाहीचे दोन दोष लिहा' असा प्रश्न आला. तिने लिहिले, 'एक, हरलो तर वर्षभर थांबावे लागते. दोन, बाबांना हात वर करायला वेळ लागतो.' दोनपैकी अर्धा गुण मिळाला. तक्त्यात असे काही नव्हते, त्यामुळे तो अर्धा गुण बाईंनी कुठून काढला हे मला अजून कळलेले नाही. पण त्या बाईंविषयी माझे मत एकदम चांगले झाले आहे.

एक मात्र लिहून ठेवतो. परवा सोसायटीच्या कचेरीत माझ्या टेबलावर एक अर्ज आला. 'गेल्या तीन वर्षांचा दुरुस्ती खर्चाचा हिशेब पाहावयास मिळावा.' अक्षर कन्येचे होते. ती सभासद नाही, म्हणून मी तो नाकारणार होतो. मग खालची सही पाहिली. सही सौ.ची होती. घर दोघांच्या नावावर आहे.

ती तीन वर्षांची व्हाउचरे मी सध्या शोधतो आहे. लोकशाहीच्या दोषांचा तो रकाना आता मला थोडा थोडा पटू लागला आहे.